महिन्याची औषधं: खालचं मेडिकल, ॲप की व्हॉट्सॲपवरचा नंबर?

घोडबंदर रोडवर राहा नाहीतर खारघरला, औषध मागवायच्या वाटा आज चार. खालचं मेडिकल, ॲप, स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं जनऔषधी केंद्र आणि टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरचा ‘चिठ्ठी नको, घरपोच’ म्हणणारा. पहिल्या तिन्हींत प्रश्न भावाचा आणि सोयीचा. चौथा या यादीत आहे तो एवढ्याचसाठी, की वरवर तो ॲपसारखाच दिसतो.

भाव

सरकारने भाव बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराचा नफा 16 टक्के, बाकी ब्रँडेडवर साधारण 20. मेडिकलवाला 10-12 टक्के सोडतो ते त्यातूनच. ॲप कूपन लावून थोडं जास्त सोडतं. पण त्याच ब्रँडची तीच गोळी कोणी 60 टक्के सुटीत देत असेल, तर माल नेहमीच्या वाटेने आलेला नाही असंच धरावं. मुदत संपत आलेला, सरकारी पुरवठ्यातून बाहेर काढलेला किंवा सरळ नकली.

मेख जेनेरिकमध्ये आहे. तिथे एमआरपीच फुगवून छापलेली असते, त्यामुळे 70 टक्के सूटही रीतसर असू शकते. म्हणून टक्के सोडा, एका गोळीचा भाव काढा आणि जनऔषधीच्या भावाशी ताडून बघा. बीपी, शुगर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्यांना जनऔषधीच स्वस्त पडतं. फक्त जाताना ब्रँडचं नाव नव्हे, घटक आणि मिलिग्रॅम लिहून न्या. दोन-तीन घटकांच्या एकत्र गोळ्या तिथे हमखास मिळतीलच असं नाही.

ॲप आणि मेडिकल

औषधविक्रीचा कायदा 1940 चा, त्यात ऑनलाइन दुकान ही कल्पनाच नाही. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट 2018 मध्ये निघाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं. व्यवहारात ॲप फक्त ऑर्डर घेतं. विकणारा कोणीतरी परवानाधारक दुकानदार असतो, तो तुमच्या गल्लीतला नसून भिवंडीच्या गोदामातलाही असेल. म्हणून पार्सल उघडलं की आधी बिल वाचा. दुकानाचं नाव-पत्ता हवा, परवाना क्रमांक हवा. किरकोळ विक्रीचा परवाना फॉर्म 20 आणि 21 चा. नुसता 20बी-21बी असेल तर तो होलसेलवाला, त्याने रुग्णाला विकायचं नसतं. मग बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबरशी जुळवा. जुळला नाही तर पट्टी न फोडता परत.

मेडिकलमध्येही एक सवय लावून घ्या. सुट्या गोळ्या घेताना बॅच आणि मुदत छापलेलं टोक तुमच्याकडे येऊ द्या. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

ॲपवर चिठ्ठी नसली की ‘मोफत डॉक्टर’ दोन मिनिटांत फोन करून चिठ्ठी बनवतो. चालू असलेल्या बीपीच्या गोळीला ठीक. अँटिबायोटिकला नको. शेड्यूल एक्स म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं तर 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे फोनवर लिहून देताच येत नाहीत.

इन्सुलिन मात्र खालच्या मेडिकलमधूनच घ्या. ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं. मे महिन्यात डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत, मग वॉचमनच्या केबिनमध्ये तासभर पडलं की भरवसा संपला. उलटही होतं: बर्फाची पिशवी थेट इन्सुलिनच्या पेनाला चिकटली की इन्सुलिन गोठतं, आणि एकदा गोठलेलं पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. दुकानदाराला बेधडक विचारा, रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडता का? काही जण पाडतात, आणि फ्रिजही त्यासोबत बंद पडतो.

चौथी वाट

या नंबरांवर जास्त काय खपतं? चिंतेवरची अल्प्राझोलाम, वेदनाशामक ट्रामाडॉल, खोकल्याचं कोडीनचं सिरप, गर्भपाताचं किट. पहिली तिन्ही शेड्यूल एच1 मधली, म्हणजे चिठ्ठी आणि नोंद सक्तीची असलेल्या यादीतली. पाकिटावर लाल चौकट असते, आणि दुकानदाराला रुग्ण, डॉक्टर, औषध, प्रमाण अशी नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ती तीन वर्षं जपावी लागते. ती नोंद टाळणं हाच या धंद्याचा पाया. ओळखायचं कसं: पैसे आधी, तेही कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर, बिल नाही, खोक्याशिवाय सुट्या पट्ट्या, पार्सलवर ‘कॉस्मेटिक’. विनापरवाना विक्रीला तीन ते पाच वर्षांची कैद आहे. घेणाराही सुटत नाही. ट्रामाडॉल एप्रिल 2018 पासून अंमली पदार्थ कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा तुमच्यावर. त्यात तुमचा नंबर-पत्ता अशा माणसाकडे जातो. उद्या ‘नार्कोटिक्समधून बोलतोय, पैसे भरा’ असा फोन आला, तर पैसे न भरता 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

गर्भपाताचं किट लोक गुपचूप मागवतात ते नाव फुटू नये म्हणून. पण सोनोग्राफी न करता घेतलं आणि गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत असला, तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून आत रक्तस्राव होतो, जीव जाऊ शकतो. नाव गुप्त ठेवणं मान्यताप्राप्त केंद्रातल्या डॉक्टरवर कायद्यानेच बंधनकारक आहे, फोडलं तर त्याला वर्षभरापर्यंत कैद. म्हणजे ज्या गुप्ततेसाठी लोक अनोळखी माणसाला पत्ता देतात, ती डॉक्टरकडे आधीच आहे.

संशयास्पद माल हाती आलाच तर एफडीएच्या (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) 1800-222-365 वर कळवा; कोकण विभागाचं कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे. पट्टी, बाहेरचं कुरिअरचं पाकीट, यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. गोळ्या फेकून दिल्या तर तपासायला काही उरत नाही.