कार्ड बदलण्याआधी कारण शोधणारे शहापूरचे दुकान

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या आमच्या घरी संगणकावर गेम सुरू केला, की वीस-पंचवीस मिनिटांत पडदा काळा पडू लागला. कधी गेम आपोआप मिटून डेस्कटॉप समोर येई, तर कधी संपूर्ण संगणकच बंद पडून पुन्हा सुरू होई. पहिल्यांदा ज्या दुकानात दाखवले, तेथे विंडोज नव्याने टाकून दिले, ग्राफिक्स कार्डाच्या (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाच्या) प्रतिसादासाठी विंडोज जे २ सेकंद थांबते ती मुदत वाढवून १० सेकंदांची केली आणि एवढ्यावरही थांबले नाही तर कार्ड गेले असे समजा, असे सांगितले. थांबले तर नाहीच. उलट गोठलेले चित्र अधिक वेळ पाहत बसावे लागले. मुलाने साठवलेल्या पैशांतून घेतलेले आरटीएक्स ३०६० हे कार्ड असे मोडीत काढायला मन धजावेना, म्हणून सीपीयू गाडीत घालून आम्ही बेळगाव गाठले.

बेळगावच्या शहापूर भागातील एका गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत हे दुकान आहे आणि त्यावर पाटीही नाही. मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी दहा मिनिटे नुसते प्रश्न विचारले: कोणत्या गेममध्ये होते, किती वेळाने होते, व्हिडिओ पाहतानाही होते का, घरी अर्थिंग तपासले आहे का. मी नव्या कार्डाचा विषय काढताच ते म्हणाले, "कार्ड बदलू नकासा इतक्यात, आधी करंट बघूया."

त्यानंतर त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडून दोन नोंदी वेगळ्या करून दाखवल्या. क्रमांक ४१०१ ची नोंद ग्राफिक्स ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रतिसाद देणे थांबवले आणि तो पुन्हा सुरू झाला असे सांगते, तर कर्नल-पॉवर ४१ ही नोंद संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच सांगते, त्याचे कारण सांगत नाही. आमच्याकडे दोन्ही नोंदी होत्या, म्हणून ड्रायव्हरचा दोष प्रथम बाजूला काढावा, असे त्यांनी ठरवले. इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर समूळ काढला आणि नवा घातला. तरीही तासाभरात संगणक पुन्हा बंद पडला. उष्णतेची शंकाही लवकर मिटली, कारण गेम चालू असताना कार्डाचे तापमान ७४ अंशांवर स्थिर होते आणि या कार्डाची मर्यादा ९३ अंशांची आहे.

खरे कौशल्य यापुढच्या टप्प्यात दिसले. त्यांनी एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणून तोच गेम दोन तास चालवला आणि संगणक एकदाही बंद पडला नाही, म्हणजे संशय विजेच्या पुरवठ्यावर आला. मर्यादा पुन्हा १०० वर नेऊन एचडब्ल्यूइन्फो या आतली मोजमापे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाला वीज देणाऱ्या आठ पिनांच्या जोडणीचा व्होल्टेज पाहिला, तेव्हा १२ व्होल्टच्या जागी ताण वाढताच ११.१ दिसू लागले. पाच टक्क्यांची सूट धरली तरी हा आकडा ११.४ च्या खाली जायला नको. कॅबिनेट उघडल्यावर सगळा उलगडा झाला. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, कार्डासाठीची आठ पिनांची केबलच नव्हती. जुळणी करणाऱ्याने जुन्या हार्डडिस्कच्या चार पिनांच्या दोन जोडण्या, त्याही एकाच वायरीवरच्या, एकत्र करणारा अडॅप्टर लावला होता. त्याचे प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन वितळू लागले होते. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण हा संगणक मुलाच्या अंथरुणापासून दोन हातांवर चालत असे. ३०६० हे १७० वॅटचे कार्ड असून त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे, हे खरेदीच्या वेळी आम्हाला कोणीच सांगितले नव्हते.

दुकानातला ६५० वॅटचा एसएमपीएस जोडून त्यांनी सलग तीन तास चाचणी घेतली आणि मगच तो विकत घेण्याबद्दल विचारले. वॉरंटीत असलेले कार्ड त्यांनी उघडले नाही, फक्त बाहेरून ब्लोअरने आमच्याकडची तांबडी धूळ काढली. तपासणीचे ५०० रुपये आणि एसएमपीएसची किंमत, एवढेच बिल झाले. तेव्हापासून चार महिने संगणक एकदाही बंद पडलेला नाही.

दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. दोन दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम सहाव्या दिवशी मिळाले, आणि बाहेरगावच्या माणसाला मधले हेलपाटे जड जातात. शिवाय बिलावर केवळ 'दुरुस्ती' असा शब्द आहे. एवढ्या बारकाईने केलेल्या तपासणीचे चार आकडे लिहून दिले, तर पुढे वॉरंटीसाठी गरज पडल्यास ग्राहकाच्या हाती काही तरी राहील. जाणाऱ्यांनी आपला सीपीयू नेताना कार्डाला वीज देणारी घरचीच केबल आणि अडॅप्टर काढून न ठेवता जसेच्या तसे न्यावेत, कारण आमचा दोष नेमका त्यातच होता.