कोह ताओ: आईचंही बेट, लेकीचंही

स्कूबा डायव्हिंगमधला, पाण्याखालचा पहिला श्वास मी पन्नाशी ओलांडल्यावर घेतला, तो थायलंडच्या आखातातल्या कोह ताओला. लेकीचे तोवर साठेक डाइव्ह झाले होते. एका बेटावर दोघींचं भागेल का, ही मला शंका होती. आता तीन फेऱ्या झाल्यात, तर जे पाहिलं ते सांगते.

बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. ताओ म्हणजे कासव. विमानतळ नाही, चुंफोन किंवा कोह सामुईहून बोटीने यायचं.

मी शिकले जॅपनीज गार्डन्सला, शेजारच्या कोह नांग युआनच्या कुशीत. तिथला तळ दोन-तीन मीटरपासून हळूहळू बारा-चौदा मीटरपर्यंत उतरतो आणि नवख्यांसाठी हा उतारच लाखमोलाचा. पाण्याचा दाब पहिल्या दहा मीटरमध्येच दुप्पट होतो, म्हणजे कानांची खरी परीक्षा तिथेच. इथे दर मीटरला थांबा, नाक दाबून कान मोकळे करा, दुखलं तर थोडं वर या. कुठे घाई नाही. माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं तेव्हा छाती धडधडत होती. प्रशिक्षकाने हात धरून ठेवला. मी मास्कची वरची कड दाबली, नाकाने श्वास सोडला आणि पाणी बाहेर गेलं. समोर प्रवाळांवर पोपटमासे चरत होते. त्यांचं ते कटकट कुरतडणं चक्क ऐकू येतं!

जवळच ट्विन्स नावाची डाइव्हची जागा. तिथे वाळूतल्या एका समुद्रफुलाभोवती दगडांचं कडं रचलंय आणि आत क्लाउनफिशचं कुटुंब. त्यातली सगळ्यात मोठी ती मादी. ती गेली की तिचा नर स्वतः मादी होतो. हे लेकीने बोटीवर सांगितलं होतं, त्यामुळे मी दहा मिनिटं तिथून हललेच नाही.

ह्या पाण्यात सांभाळायचं ते टायटन ट्रिगरफिशला. विणीच्या काळात तो घरट्याची राखण करतो आणि त्याची हद्द घरट्यापासून वरवर रुंदावत जाते. म्हणून वर पळायचं नाही, आडवं पोहत दूर व्हायचं. दुसऱ्या फेरीत मी घाबरून वर जायला लागले आणि त्याने माझ्या फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्याचा, चावा घेतला.

लेकीचं आवडतं ठिकाण सत्तकुट. दुसऱ्या महायुद्धातली ही अमेरिकी युद्धनौका पुढे थायलंडच्या नौदलात आली आणि २०११ मध्ये मुद्दाम इथे बुडवली. तळ तीसेक मीटरवर आहे, तेव्हा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झाल्यावरच जा. चुंफोन पिनॅकल ह्या पाण्याखालच्या सुळक्याचंही तेच. त्याचा माथाच चौदा-पंधरा मीटरवर, आणि ओपन वॉटर, म्हणजे फक्त पहिला कोर्स केलेल्यांची मर्यादा १८ मीटर. म्हणजे एवढ्या लांब जाऊन नुसता माथा बघायचा. बॅराकुडांचे थवे आणि मोठाले ग्रुपर दिसतात. व्हेल शार्क मात्र नशिबाचा भाग. आम्हाला एकदाही दिसला नाही.

पण एकच डाइव्ह निवडा म्हणाल तर मी सेल रॉक म्हणेन. कोह ताओ आणि कोह फांगानच्या मधे समुद्रातून वर आलेला एकटा खडक. त्याच्या पोटात उभं भुयार आहे, त्याला चिमनी म्हणतात. साधारण अठरा मीटरवर आत शिरायचं आणि पाच-सहा मीटरवर बाहेर पडायचं. वर जाताना श्वास अजिबात रोखायचा नाही, फुप्फुसातली हवा फुगत असते. तिसऱ्या फेरीत, अ‍ॅडव्हान्स्ड झाल्यावर, मी ते केलं. खाली अंधार, डोक्यावर निळा गोल, आणि माझेच बुडबुडे माझ्यापुढे वर निघालेले. बाहेर आल्यावर लेकीने पाण्यातच मिठी मारली.

तक्रार एकच. पहिल्या वेळी ज्या डाइव्ह सेंटरकडे गेलो, तिथे आम्हा सातजणांमागे एकच प्रशिक्षक होता. माझे कान मोकळे होईपर्यंत बाकीचे ताटकळले आणि मला घाई करावी लागली. मास्क सांभाळून घेणारा प्रशिक्षक मला दुसऱ्या सेंटरमध्ये भेटला. तिथे आम्ही तिघीच होतो. पैसे भरण्याआधी गटात किती जण असतील ते विचाराच, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

नोव्हेंबर-डिसेंबर टाळा, पाऊस असतो, समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं. परतीच्या विमानाआधी १८ तास तरी डाइव्ह करायचा नाही. तो दिवस आम्ही नांग युआनच्या तीन टेकड्यांना जोडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर काढला, नुसतं स्नॉर्केल लावून.