घरी जोडलेल्या व्हॉल्व्ह अँपचा टोन बिघडलाय: व्हॉल्व्ह बदलायचे, मीटर लावायचा की प्रोबने ऐकत जायचं?

अँप सुरू होतो, व्हॉल्व्ह (आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) लालसर पेटतात, गिटारचा आवाजही येतो. पण ज्या टोनसाठी महिनाभर रात्री जागून सोल्डरिंग केलं, तो काही येत नाही. आवाज पातळ येतो, नाहीतर गढूळ, नाहीतर सूर विरताना चरचर होते. इथून पुढे तीन वाटा आहेत: नवे व्हॉल्व्ह आणून बदलून बघणं, मीटरने व्होल्टेज तपासणं, आणि प्रोब लावून आवाज नेमका कुठे बिघडतो ते ऐकत जाणं. मी तिन्ही वाटांनी गेलो आहे. आधी कुठली धरायची हे ठरवताना काय बघावं, ते सांगतो.

उदाहरणाला फेंडर चँप ५एफ१ घेऊ. १९५० च्या दशकातला हा अँप बहुतेकांचा पहिला बांधणीचा प्रयोग असतो. गिटारचा बारीक आवाज मोठा करायला एक १२एएक्स७, स्पीकरला ताकद द्यायला एक ६व्ही६, रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ५वाय३, सुमारे ५ वॉट आणि ८ इंची स्पीकर. सर्किट एका पानावर मावतं, त्यामुळे दोष शोधायला शिकावं तर याच्यावरच.

त्याआधी जिवाची गोष्ट. आत साधारण ३४० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये, म्हणजे डीसी सपाट करणाऱ्या कपॅसिटरमध्ये, तो टिकून राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून कपॅसिटर रिकामा करा आणि रिकामा झाल्याचं मीटरवर बघा. अँप चालू असताना मोजायचं तर एक हात पाठीमागे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

व्हॉल्व्ह बदलणं

सगळ्यात सोपी वाट, म्हणून सगळे आधी हीच धरतात. सोल्डरिंग नाही, झाकण उघडणं नाही. काही तक्रारींना हीच बरोबर असते. व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारली की स्पीकरमधून टणत्कार येतो, किंवा न वाजवताही फटफट आणि सळसळ चालू असते, तर १२एएक्स७ बदलून बघा. पाच मिनिटांत निकाल लागतो. टिचकीला पेन्सिल मात्र वापरू नका, शिशातून वीज वाहते. आईस्क्रीमची कोरडी काडी उत्तम. तीच काडी चेसिसमधल्या (अँपच्या धातूच्या सांगाड्यातल्या) एकेका सांध्यावर दाबून बघितली की कच्चं सोल्डर लगेच बोलतं.

पण नव्या बांधणीत व्हॉल्व्ह दोषी निघण्याची शक्यता मला कमी वाटते. जुन्या अँपमध्ये व्हॉल्व्ह थकलेले असतात. तुम्ही परवा जोडलेल्या अँपमध्ये जे नवं आणि न तपासलेलं आहे, ते तुमच्या हातचं काम आहे. शिवाय मूळ दोष तसाच राहिला तर तो नवा व्हॉल्व्हही खातो. १२एएक्स७च्या जागी १२एवाय७ लावून आवाज मऊ करणं हा वेगळा विषय. गेन, म्हणजे आवाज मोठा करण्याचं प्रमाण, कमी होतो, त्यामुळे दोष झाकला जातो आणि आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली.

मीटर लावणं

एका बऱ्या व्हॉल्व्हच्या आसपासच्या पैशांत साधा डिजिटल मल्टिमीटर येतो. फक्त तो ६०० व्होल्ट डीसीचा आहे आणि त्याच्या वायरींचं इन्सुलेशन धड आहे, एवढं बघून घ्या. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात, तर मीटर आणि रेझिस्टर-कपॅसिटर एकाच फेरीत होतात.

मीटरची ताकद ६व्ही६पाशी दिसते. ८ नंबरची पिन म्हणजे कॅथोड, इलेक्ट्रॉन निघतात तो भाग. तिथे ४७० ओहमचा रेझिस्टर असतो आणि त्यावर १९ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. १९ भागिले ४७० म्हणजे सुमारे ४० मिलिअँपिअर. प्लेट (इलेक्ट्रॉन पोचतात तो भाग) आणि कॅथोडमध्ये ३०० व्होल्ट धरले तर व्हॉल्व्ह १२ वॉट उष्णता सोसतोय, आणि ६व्ही६ची जुन्या डेटाशीटमधली मर्यादाही १२च आहे. म्हणजे हा अँप मुळातच काठावर चालतो. कॅथोडवर २५-२६ व्होल्ट दिसले तर आधी ५ नंबरची पिन, म्हणजे आवाज व्हॉल्व्हमध्ये शिरतो ती ग्रिड, तपासा. तिथे शून्य हवं. दोन-तीन व्होल्ट जरी अधिक दिसले, तरी अलीकडच्या कपलिंग कपॅसिटरमधून (आवाज पुढच्या टप्प्यात नेणारा आणि डीसी अडवणारा कपॅसिटर) डीसी गळतोय असा संशय घ्या. असा अँप गढूळ वाजतो, अर्ध्या तासात आणखी बसतो आणि ६व्ही६ विनाकारण झिजतो. या दोषावर तीन नवे व्हॉल्व्ह घातले तरी फरक पडत नाही. मीटरवर तो एका मिनिटात सापडतो.

१२एएक्स७च्या १ आणि ६ नंबरच्या पिनांवर दीडशे ते दोनशेच्या दरम्यान व्होल्ट आणि ३ व ८ वर एक ते दीड व्होल्ट असेल, तर डीसीच्या बाजूने तो टप्पा ठीक आहे.

घूं असा आवाज येत असेल तर त्याची पट्टी ओळखा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरींतून शिरणारी गुणगुण ५०ची, खोल. फिल्टर कपॅसिटर कमी पडले तर ती १००ची, एक सप्तक वर. गिटारवाल्याच्या कानाला हा फरक कळतो, त्याला मीटरही लागत नाही.

प्रोबने ऐकत जाणं

माझा जीव या वाटेवर आहे, कारण माझा पहिला चँप याच वाटेने बरा झाला. तो अगदी पातळ वाजायचा. खालची ई तार छेडली की नुसता तारेचा खणखणाट, पोट नाहीच. मी दोन १२एएक्स७ आणि एक ६व्ही६ बदलून पाहिले. मग मीटर घेऊन बसलो, तर सगळे आकडे चोख. मी हताश झालो होतो.

प्रोब म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर, त्यापुढे १ मेगओहम, आणि तिथून चेसिसला १० किलोओहम. त्या १० किलोओहमवरचा आवाज एखाद्या छोट्या ट्रान्झिस्टर अँपला द्यायचा. मोबाइलवर स्वतःचं गिटार रेकॉर्ड करून ते चँपच्या इनपुटला सतत चालू ठेवलं की हात मोकळे राहतात. मग पुढून मागे एकेक पिन ऐकत जायचं.

मी ६ नंबरच्या पिनवर ऐकलं, आवाज भरदार होता. पुढच्या कपॅसिटरच्या पलीकडच्या पायावर ऐकलं, तर तोच आवाज पोट काढून घेतल्यासारखा. मी भिंग घेऊन कपॅसिटरवरचे आकडे वाचले. २२३ हवं होतं, तिथे २२२ होतं. म्हणजे २२ नॅनोफॅरडऐवजी २.२. पुढे २२० किलोओहम असताना योग्य कपॅसिटर साधारण ३० हर्ट्झपासून आवाज जाऊ देतो. माझा सुमारे ३०० पासून देत होता. खालची ई ८२ हर्ट्झची. कपॅसिटर डीसी तसाही अडवतो, त्यामुळे एकाही व्होल्टेजमध्ये ही चूक दिसणं शक्य नव्हतं. ६व्ही६च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नीट जोडला गेला नसेल, तर तेही मीटरला कळत नाही.

प्रोबलाही मर्यादा आहे. कानाच्या वरच्या पट्टीत अँप स्वतःशीच दोलन करत असेल, म्हणजे स्वतःच सूर तयार करत असेल, तर प्रोबमध्ये काही ऐकू येणार नाही. आवाज मात्र कर्कश आणि दमलेला वाटेल, आणि एखादी वायर सरकवली की बदलेल. तिथे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोपच हवा, तोही त्या व्होल्टेजला चालणाऱ्या, सिग्नल दहापट कमी करणाऱ्या १०:१ प्रोबसह. स्कोपची ग्राउंड क्लिप फक्त चेसिसला लावा. केवळ एका चँपसाठी स्कोप विकत घेऊ नका, इंजिनिअरिंगला असलेला भाचा किंवा पुतण्या बघा.

एक दोष या तिन्हींच्या आधी तपासून टाका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उलट लागल्या तर फीडबॅक, म्हणजे आउटपुटमधून मागे वळवलेला थोडा आवाज, उलटा होतो. अँप किंचाळतो किंवा कर्कश, ताणलेला वाजतो. अँप बंद करा, कपॅसिटर रिकामे करा आणि फीडबॅकच्या २२ किलोओहमचा एक पाय सोडवा. पुन्हा चालू केल्यावर आवाज वाढला तर जोडणी बरोबर आहे. आवाज कमी झाला किंवा किंचाळणं थांबलं, तर प्राइमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या ६व्ही६कडच्या बाजूच्या) दोन वायरींची अदलाबदल करा.

तुम्ही काय करावं

अँप आधी चांगला वाजत होता आणि आता बिघडलाय, तर एक जास्तीचा १२एएक्स७ घरात ठेवा आणि तिथूनच सुरुवात करा. नव्यानेच जोडलाय आणि पहिल्या दिवसापासून वाईट वाजतोय, तर व्हॉल्व्हचे पैसे वाचवून मीटर घ्या. आवाज गढूळ असेल किंवा तापल्यावर बसत असेल, तर दोष बहुधा मीटरवरच सापडेल. आवाज पातळ आहे आणि आकडे चोख आहेत, तर प्रोब जोडा. त्याला लागणारे तीन भाग बांधणीच्या उरलेल्या सामानात निघण्याची शक्यता आहे. नसले, तर तपकीर गल्लीच्या पुढच्या फेरीत घ्या आणि दुकानातच कपॅसिटरवरचा आकडा वाचून घ्या: २२३.