लुमेन डेटाबेस: नेटवरून काय काय काढायला लावलं ते बघायचंय तर ही साइट

गूगलवर काही शोधताना कधीकधी पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ येते, की कायदेशीर मागणीमुळे इतके इतके रिझल्ट काढलेत, आणि पुढे एक लिंक. तिथपर्यंत स्क्रोल करतं कोण म्हणा! पण ती लिंक जिथे नेते ती जागा म्हणजे लुमेन, मजकूर काढून टाका म्हणून आलेल्या नोटिसांच्या प्रती जिथे जमा होतात ती साइट. हार्वर्ड विद्यापीठातलं बर्कमन क्लाइन सेंटर ती चालवतं, पैसे लागत नाहीत, अ‍ॅप वगैरे नाही, दिसायला एखाद्या सरकारी कचेरीच्या रजिस्टरसारखी आहे आणि माझ्या मते 'कुठल्या देशात काय बोललेलं चालत नाही' हे समजून घ्यायला वर्तमानपत्रातल्या दहा अग्रलेखांपेक्षा जास्त उपयोगाची आहे. तरी पाच स्टार देणार नाही, का ते पुढे येईलच.

थोडं मागचं. वेंडी सेल्ट्झर नावाच्या वकीलबाईंनी २००० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत हे सुरू केलं, तेव्हा नाव होतं चिलिंग इफेक्ट्स, २०१५ मध्ये लुमेन झालं. मूळ हेतू अमेरिकेतल्या कॉपीराइटच्या नोटिसा गोळा करणं हा होता, आणि अजूनही सगळ्यात मोठा ढीग त्याचाच आहे. त्यामुळे नुसतं सर्च करून बसलात तर पायरेटेड सिनेमे आणि गाण्यांच्या नोटिसांत बुडून जाल आणि वैतागून टॅब बंद कराल. आधी फिल्टर लावा. नोटिशीचा प्रकार 'कोर्टाचा आदेश' किंवा 'सरकारी मागणी' असा निवडा, मग देश निवडा. इथून पुढे मजा आहे.

एक नोटीस उघडली की वर दिसतं कोणी पाठवली, कोणाच्या वतीने, कोणाला, आणि लुमेनकडे ती जमा कोणी केली. ही चार नावं नीट वाचायची सवय लावा, कारण पाठवणारा वकील, ज्याच्यासाठी पाठवली तो पुढारी किंवा धंदेवाला, आणि जमा करणारा गूगल, हे सगळे वेगळे असतात आणि खरी गोष्ट बहुतेक 'कोणाच्या वतीने' या ओळीत असते, तीसुद्धा पुष्कळदा काळी केलेली. खाली मागणीचा मजकूर, कुठलं कलम लावलंय ते, आणि कोणत्या साइटवरच्या किती लिंका काढायच्यात तो आकडा.

आता हेच दोनचार देश आलटून पालटून लावून बघा. जर्मनीत नाझी चिन्हं आणि होलोकॉस्ट नाकारणं हा गुन्हा, आणि त्याच्याच बरोबरीने बदनामीच्या तक्रारींची रांग. तुर्कस्तानात देशाचा संस्थापक अतातुर्क याच्या स्मृतीचा अपमान करू नये म्हणून १९५१ चा खास कायदा आहे आणि वर २००७ चा इंटरनेटचा ५६५१ क्रमांकाचा कायदा. थायलंडमध्ये राजघराण्याबद्दल वाकडं बोललं तर कलम ११२, एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं. आणि अमेरिकेत? तिथे सुप्रीम कोर्टाच्या १९६९ च्या ब्रॅन्डनबर्ग निकालापासून तत्काळ हिंसा किंवा बेकायदा कृत्य घडवायच्या हेतूने चिथावणी दिली आणि ते घडायची खरंच शक्यता असेल तरच सरकारला त्या बोलण्यावर कारवाई करता येते, त्यामुळे जर्मनीत तुरुंगात नेणारी पोस्ट तिथे निवांत पडून असते. म्हणून तिथले कागद बहुतेक कॉपीराइटचे! म्हणजे पोस्ट काढायचीच असेल तर तिकडे तुमचा अपमान झाला म्हणून रडून उपयोग नाही, तो फोटो माझा आहे म्हणून रडावं लागतं. हा फरक मला पुस्तकांतून कधी एवढा चटकन कळला नव्हता.

एकच पोस्ट एका देशात दिसते आणि शेजारच्या देशात नाही, हा प्रकार आता आपल्या अंगवळणी पडलाय, पण तो आपोआप आलेला नाही. २००० साली पॅरिसच्या कोर्टाने याहूला सांगितलं की तुमच्या लिलावात नाझी वस्तू विकायला ठेवल्यात त्या फ्रान्समधल्या लोकांना दिसता कामा नयेत. याहूचं म्हणणं, असं वेगळं करताच येत नाही. मग कोर्टाने तज्ज्ञ नेमले (त्यात इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिन्ट सर्फसुद्धा) आणि त्यांनी सांगितलं की फ्रान्समधल्या साधारण ७० टक्के लोकांना आयपी अ‍ॅड्रेसवरून ओळखता येईल. तिथून देशागणिक चाळण लावायला सुरुवात झाली म्हणा. २००२ मध्ये हार्वर्डच्याच दोघांनी तपासलं तर गूगलच्या जर्मन आणि फ्रेंच आवृत्तीतून शंभरावर साइट गुपचूप गळालेल्या. ट्विटरने २०१२ च्या जानेवारीत हेच उघडपणे जाहीर केलं की मागणी आली तर त्या देशापुरतं झाकू, बाकी जगात राहू देऊ, आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीत बंदी घातलेल्या एका निओनाझी गटाचं अकाउंट पहिल्यांदा असं झाकलं.

मला स्वतःला हा मधला मार्ग बरा वाटतो. पळवाटा आहेत, सेटिंगमध्ये देश बदलला की झाकलेलं दिसायचं, पण निदान एका देशाचा कायदा सगळ्या जगाच्या बोकांडी बसत नाही. सरकारांना मात्र तेवढ्यावर समाधान नसतंच. तुर्कस्तानात अतातुर्कबद्दलच्या व्हिडिओंवरून यूट्यूब बंद झालं, गूगलने ते व्हिडिओ तुर्कस्तानापुरते अडवले, तर तिथल्या सरकारी वकिलाचं म्हणणं की परदेशातल्या तुर्कांच्याही भावना आहेत, जगभर काढा. गूगल नाही म्हणालं आणि यूट्यूब २०१० पर्यंत बंद राहिलं. युरोपातलं तर अजून गंमतशीर, २४ सप्टेंबर २०१९ ला युरोपीय न्यायालय म्हणालं की 'विसरले जाण्याचा हक्क' (म्हणजे आपल्याबद्दलचे जुने रिझल्ट सर्चमधून काढून घेण्याचा हक्क) जगभर लागू करायची सक्ती गूगलवर नाही, आणि ३ ऑक्टोबरला तेच न्यायालय म्हणालं की फेसबुकवरची बदनामीची पोस्ट जगभर काढायचा आदेश सदस्य देशाचं कोर्ट देऊ शकतं. नऊ दिवसांत! दोन्हीमागचे कायदे वेगळे आहेत हे खरं, पण सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं?

आणि नेमकं इथेच लुमेन कमी पडतं. आदेश फक्त त्या देशापुरता पाळला की सगळीकडे, की कंपनीने केराची टोपली दाखवली, हे बऱ्याच नोंदींत धड कळत नाही. मागणी दिसते, पुढे काय झालं ते आपणच त्या लिंकवर जाऊन बघायचं.

त्या लिंकचंही एक नाटक आहे. पूर्ण लिंक थेट दिसत नाही, साइटचं नाव आणि आकडा तेवढा दिसतो, बाकी हवं तर ईमेल द्यायचा, मग एका नोटिशीपुरती लिंक येते आणि तीही थोड्याच काळापुरती चालते. दहा नोटिसा पडताळायच्या तर दिवस मोडतो. संशोधक आणि पत्रकारांना वेगळी परवानगी मिळते, आपल्यासारख्यांना ही रांग. यामागचं कारण मला पटतं, नाहीतर बदनामीचा म्हणून कोर्टाने जो मजकूर काढायला लावला त्याचीच यादी इथे आयती मिळाली असती. पटतं, पण चीड येते ती येतेच.

भारताचं पान जरूर बघा. आयटी कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं तर शिक्षा) सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालात रद्द केलं ते सगळ्यांना माहितीय, त्याच निकालात सरकारला मजकूर ब्लॉक करू देणारं ६९अ मात्र कायम ठेवलं हे फार कमी लोक सांगतात, आणि ६९अ च्या नियमांत गोपनीयतेची अट आहे, म्हणजे सरकारने काय ब्लॉक करायला सांगितलं हे सरकार सांगणार नाही. मग एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, सरकारवर टीका करणारी पन्नासेक ट्वीट झाकायला लावली हे लोकांना कळलं कुठून? लुमेनवरून. ट्विटर तेव्हा तिकडे प्रती पाठवत होतं म्हणून.

होतं. २०२३ च्या एप्रिलपासून ट्विटरने प्रती पाठवणं थांबवलं आणि त्या कंपनीपुरता हा डेटाबेस तिथेच गोठला. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि खरं तर ती लुमेनवर नाहीच, इथे सगळा कारभार कंपन्यांच्या मर्जीवर आहे. गूगल भरपूर देतं, म्हणून गूगलच्या नोंदी ढिगाने. जे देत नाहीत त्यांची पाटी कोरी, आणि नवीन माणूस कोरी पाटी बघून म्हणतो की इथे काहीच काढलेलं दिसत नाही. ज्या देशात सगळे प्लॅटफॉर्म देशीच आहेत आणि सरकारच्या नुसत्या फोनवर काम होतं तिथला कागद इथे येणार कसा? कंपनीने स्वतःच्या नियमांखाली काढलेलंही इथे नाही. जर्मनीच्या २०१७ च्या कायद्याने उघड बेकायदा पोस्ट २४ तासांत काढा नाहीतर ५ कोटी युरोपर्यंत दंड असं म्हटल्यावर कंपन्यांनी पुष्कळसं आधीच आपल्या नियमांत बसवून उडवलं, त्याचा इथे मागमूस नाही. त्यामुळे कोणत्या देशाच्या किती नोटिसा यावरून देशांची क्रमवारी लावायला जाऊ नका, सोशल मीडियावर असले तक्ते फिरतात, ते फुकट आहेत.

अजून एक, इथली प्रत्येक नोटीस खरी नसते. जुनी बातमी कॉपी करून आधीची तारीख टाकून कुठेतरी ब्लॉगवर चिकटवायची आणि मग मूळ बातमीवरच चोरीचा आरोप करायचा, हा धंदा जोरात चालतो. लुमेनच्याच संशोधनात अशा ३० हजारांवर नोटिसा सापडल्या होत्या. बातमी ज्याच्याविरुद्ध आहे त्याला बदनामीचा खटला लढायची गरजच उरत नाही.

जोडीला गूगलचा पारदर्शकता अहवाल उघडा ठेवा, देशवार आकडे आणि कारणं तिथे चांगली मिळतात. युरोपीय संघानेही २०२३ पासून स्वतःचा डेटाबेस काढलाय, तिथे कंपन्यांना कारणं द्यायची सक्तीच आहे, पण मूळ मजकूर काय होता ते दिसत नाही, नुसती कारणांची भरताड. कागद वाचायचा तर लुमेनच.

साडेतीन स्टार. ट्विटरच्या प्रती परत यायला लागल्या तर चार करीन.