निफाडच्या मळ्यात अकरा महिने बायोडिझेलवर चाललेलं इंजिन

विहिरीवरचं आमचं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन फेब्रुवारीपासून हॉटेलच्या वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलवर चालतंय. आधी चार भाग डिझेल, एक भाग बायोडिझेल. एप्रिलपासून निव्वळ बायोडिझेल.

पहिल्याच आठवड्यात इंजिन गुदमरायला लागलं. दोष इंधनाचा नव्हता. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ बायोडिझेलने सोडवला आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकला. दोन फिल्टर बदलले, मग त्रास थांबला. तिसऱ्या महिन्यात परतीचा रबरी पाइप फुगून चिकट झाला. तिथे विटॉनचा, म्हणजे बायोडिझेलने न फुगणाऱ्या रबराचा, घातला. काळा धूर मात्र खरोखर कमी झाला. एक्झॉस्टजवळ भजी तळल्यासारखा वास येतो.

पैशाचं खरं सांगतो. लिटरमागे आठ रुपये स्वस्त मिळतं, पण तासाला सव्वा लिटर लागायचं तिथे आता एक लिटर साडेतीनशे मिली लागतं. बचत जवळजवळ तिथेच संपते. तरी मी सोडणार नाही. २०१८ पासून पंचवीस टक्क्यांहून जास्त पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) असलेलं तेल खाण्यात वापरायला बंदी आहे, पण असं तेल स्वस्तात विकलं जाऊन पुन्हा कुणाच्या तरी कढईत पडतं. ते माझ्या इंजिनात जळावं, पोरांच्या पोटात जाऊ नये.

डिसेंबरचा अनुभव मात्र नीट वाचा. पिकायला आलेल्या द्राक्षमण्यांना थंडीने तडे जातात, म्हणून पहाटे विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडावं लागतं. पारा सहा अंशांवर, आणि हँडल मारून मारून खांदे भरून आले तरी इंजिन उचलेना. झाकण उघडलं तर टाकीत थिजलेल्या खोबरेलासारखा पांढरा थर. हॉटेलवाले पामतेलात तळतात आणि त्याचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढुळायला लागतं. आबा म्हणाले, "आधी शेकोट्या पेटव, इंजिनाचं मग बघू." टाकीवर, पाइपवर, फिल्टरवर गरम पाणी ओतत तास गेला. बांधाकडच्या दोन ओळींतले मणी तडकलेच.

आता नोव्हेंबरअखेर टाकी रिकामी करून फेब्रुवारीपर्यंत साधं डिझेलच.

घेताना एक करा: काचेच्या बाटलीत निम्मं पाणी, निम्मं बायोडिझेल घालून जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन्ही स्वच्छ वेगळं झालं तर घ्या. मध्ये दुधाळ साय राहिली तर त्यात बायोडिझेल बनवताना तयार झालेला साबण उरलाय. ड्रम परत पाठवा. मी एकदा पाठवलाय.