गर्दीतल्या राउटरसाठी 'केक' : एक परीक्षण

राउटरकडे त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरील माहितीचे छोटे तुकडे, येऊ लागली की कोणते आधी सोडायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे त्याला त्याच क्षणी ठरवावे लागते. पुढच्या क्षणी काय येणार, हे मात्र त्याला कधीच ठाऊक नसते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या, लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीतील एसक्यूएम हे पॅकेटांच्या रांगेचे नियोजन करणारे पॅकेज मी काही महिने वापरत आहे आणि त्यात रांग सांभाळण्यासाठी 'केक' हा पर्याय निवडला आहे. हे परीक्षण मुख्यत्वे त्याचेच आहे.

केक २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत दाखल झाला. त्याच्या मुळाशी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेला कोडेल हा अल्गोरिदम आहे. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ तिष्ठत राहिले, हे कोडेल मोजतो. ही प्रतीक्षा सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली, तरच तो पॅकेट टाकू लागतो. त्यामुळे क्षणभराची झुंबड खपवून घेतली जाते, ठाण मांडून बसलेली रांग मात्र नाही. शिवाय केक प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एखाद्या कॉलच्या किंवा फाइलच्या पॅकेटांच्या मालिकेला, स्वतंत्र रांग देतो. पूर्वी मोठी फाइल वर चढवायला लावली की व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटत असे. आता फाइल किंचित सावकाश चढते, पण बोलणे अखंड चालते.

सिद्धांताच्या अभ्यासकाला ही रचना कदाचित फारच साधी वाटेल. सिद्धांतात प्रत्येक पॅकेटला मूल्य आणि मुदत असते, आणि मुदतीत पाठवलेल्या पॅकेटांच्या मूल्यांची बेरीज म्हणजे कमाई. हाती असलेल्यांपैकी सर्वांत मौल्यवान पॅकेट दर वेळी पाठवत गेल्यास, भविष्य जाणणाऱ्याच्या कमाईच्या निम्मी तरी कमाई निश्चित होते. आणि नाणेफेकीचा आधार न घेणाऱ्या कोणत्याही पद्धतीला सुवर्ण गुणोत्तराची, म्हणजे सुमारे १.६१८ची, मर्यादा ओलांडता येत नाही; भविष्य जाणणाऱ्याची कमाई तिच्या कमाईच्या इतक्या पट होईल, अशी उदाहरणे असतातच. ती मर्यादा गाठणारी पद्धत पावेल वेसेली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडली. निष्कर्ष देखणा आहे, पण घरच्या राउटरवर पॅकेटचे मूल्य ठरवणार कोण? पाठवणाऱ्याला विचारले तर प्रत्येकाचेच पॅकेट तातडीचे! केक पॅकेटवरच्या अग्रक्रमाच्या खुणा वाचतो, परंतु तीन वर्गांच्या नेहमीच्या मांडणीत आवाजाच्या वर्गाने वेगाचा २५ टक्क्यांहून अधिक वाटा घेतला की त्याचा अग्रक्रम काढून घेतो. ही सावधगिरी मला फार आवडली.

उणिवा मात्र त्रासदायक आहेत. इंटरनेट जोडणीचा वेग आपणच भरावा लागतो आणि तोही प्रत्यक्षाहून थोडा कमी, नाहीतर रांग मोडेममध्ये साचते आणि तिथे केकचे काही चालत नाही. ज्या बिनतारी जोडणीचा वेग सतत बदलतो, तिथे एकच ठरीव आकडा भरणे म्हणजे अंदाजपंचे कारभार. घरातल्या यंत्रांमध्ये समान वाटप हवे असेल, तर प्रगत पर्यायांत 'नॅट' (घरातली सगळी यंत्रे बाहेर एकाच पत्त्याने दाखवण्याची राउटरची पद्धत) हा शब्द स्वतः लिहावा लागतो, अन्यथा केकला सगळे घर एकच यंत्र भासते. नवख्या माणसाला हे सुचणे कठीण. प्रोसेसरवरचा भारही मोठा आहे. जोडणीचा वेग वाढवल्यावर माझ्या जुन्या राउटरला तो पेलवेना, म्हणून तिथे मी कोडेलवरच आधारलेल्या, अधिक हलक्या एफक्यू-कोडेल या पर्यायावर परत आलो; धिम्या जोडणीच्या दुसऱ्या राउटरवर मात्र केक अजून तसाच चालू आहे.