रिसेप्शनला डीजेऐवजी जाझ : 18 हजार वसूल झाले का?

भाचीच्या रिसेप्शनला डीजे नको, हा हट्ट तिचाच. विश्रामबागेतल्या हॉलवर कोल्हापूरहून चौघं आले : कीबोर्ड, बास गिटार, ड्रम, ट्रंपेट. दोन तासांचे 18,000, गाडीभाडं वेगळं. ग्रूपचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे. मी 22 वर्षं मिरजेत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होतो. "आजची गाणी जाझमध्ये करतो" म्हटल्यावर मला वाटलं, गाणं हळू करणार आणि पैसे घेणार.

पहिली दोन गाणी तशीच निघाली. नुसती हळू. मंडळी स्टार्टरकडं वळली.

तिसरं मात्र, सांगलीतल्या प्रत्येक वरातीत वाजून वाजून चोथा झालेलं गाणं. सुरुवातीला कुणी ओळखलंच नाही. ड्रमवाल्यानं काड्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. बासवाला दर मात्रेला एक सूर टाकत निघाला, थांबायचं नावच नाही. आम्ही वरातीत मात्रेचे दोन सारखे तुकडे करतो. इथं पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. एवढ्यावर गाणं डुलायला लागतं. हाच तो स्विंग. 'अलबेला' (1951) मधली सी. रामचंद्रांची गाणी आम्ही बँडवर कैक वेळा वाजवली. त्यात गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट होता. पण हा झोल आम्हाला कधी साधला नाही. आमचं सगळं सरळ लेफ्ट-राइट.

टाळ्यांची गंमत वेगळीच. ड्रमवाल्याचा जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, आपली माणसं पहिली-तिसरी सोडायला तयार नाहीत. पोरं दोन मिनिटांत जमली, दाजी शेवटपर्यंत समेवरच.

मग ट्रंपेटवाल्यानं मोरी तुंबल्यावर वापरतात ती रबरी वाटी काढली. नवीकोरी होती, बघून घेतली. ती ट्रंपेटच्या पुढच्या तोंडाशी उघडमीट करत वाजवलं की तो माणसासारखा कुरकुरतो. मामा म्हणाले, "प्लंबर पण आणलाय का रे?" मामांना काय सांगणार, 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक एलिंग्टनच्या जाझ ताफ्यात बबर मायली हा ट्रंपेटवाला अशीच वाटी धरून वाजवायचा! पुढं आमच्या ट्रंपेटवाल्यानं चाल पार सोडून दिली, पण खाली कीबोर्डवर कॉर्डची, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांची, फेरी तीच फिरत होती, म्हणून मुखडा कुठं येणार ते कळत होतं. आला तेव्हा सगळा हॉल गायला लागला.

आता तक्रार. पंधरा मिनिटांची सुट्टी म्हणून गेले, चाळीस मिनिटांनी आले. कीबोर्डवाला बासुंदीच्या काउंटरवर सापडला. राहिलेल्या वेळेचे पैसे कापा म्हटलं तर तोंड वाकडं.

तरी थोरल्याच्या साखरपुड्याला त्यांनाच सांगितलंय. ॲडव्हान्स देताना दोन अटी घातल्या : हळू गाणी नकोत, आणि जेवण आधी उरकून घ्यायचं.